हॉर्नला ओ देणाऱ्या जयवंतीकाकी

मला गोंगाट सोसत नाही. सारी नोकरी मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात केली आणि तिथं माझं खरं काम पुस्तकं देण्याचं नसून मुलांना गप्प बसवण्याचं आहे, असं माझे सहकारी म्हणत. निवृत्त झाल्यावर खांदा कॉलनीत फ्लॅट घेतला तोही दलालानं 'एकदम शांत एरिया आहे मॅडम' असं छातीवर हात ठेवून सांगितलं म्हणून. त्या बिचाऱ्याची काही चूक नव्हती. एरिया शांतच होता, समोरच्या दारात जयवंतीकाकी राहायला येईपर्यंत.

त्या आल्या त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी खाली शाळेची व्हॅन येऊन उभी राहिली आणि तिनं नेहमीसारखा हॉर्न दिला. वरच्या मजल्यावरच्या अन्वीला न्यायला ही व्हॅन यायची, आणि अन्वीची आई त्या वेळी डबा भरत असल्यामुळे हॉर्न बराच वेळ चालायचा. त्या दिवशी तो एकदाच वाजला आणि लगेच शेजारच्या बाल्कनीतून आवाज आला, "ओ. कोन पायजे?" आवाज कसला, खाडीच्या या काठावरून त्या काठाला जाईल असा. व्हॅनवाल्यानं दचकून मान बाहेर काढली आणि अन्वी पाहिजे म्हणून सांगितलं. काकी जिना चढून वर गेल्या, ओळख ना पाळख, त्या घराची बेल दाबली, आत डोकावून आल्या आणि बाल्कनीतून निरोप दिला, "येते रं, येनी घालते. दमानं घे."

झालं. त्या दिवसापासून तो परिपाठच पडला. व्हॅनवाल्यानं एकदा हॉर्न द्यायचा, काकींनी ओ द्यायची आणि अन्वीचं कुठवर आलंय ते साऱ्या इमारतीला सांगायचं. बूट सापडत नाही, दूध संपवत नाही, आज पोटात दुखतं म्हणते पण खोटं बोलते. मी पहिले काही दिवस कानात कापूस घालून चहा प्यायले. पुढं कापूस काढून ठेवला, कारण बूट सापडला की नाही हे कळल्याशिवाय मलाही चहा गोड लागेना.

काकींचं सासरचं गाव विमानतळात गेलं. गावातली घरं पांगली, कुणी उलव्याला गेलं, कुणी आणखी कुठं, आणि काकींच्या मुलानं, निलेशनं, आमच्या इमारतीत फ्लॅट घेतला. निलेश बांधकामाला रेती-खडी पुरवतो, दिवसभर उलव्याच्या धुळीत असतो. काकी उंच, काळ्यासावळ्या, केसांत कायम अबोलीचा गजरा, आणि चालणं असं की जिन्यात समोरून आल्या की आपणच भिंतीला चिकटावं. तरुणपणी मिठागरात राबलेल्या. एका बांधावरून दुसऱ्या बांधावर बोलायचं तर असाच आवाज लागतो, हे त्यांनी मला पहिल्याच भेटीत सांगितलं, त्याच आवाजात.

त्यांच्या गावाला एकच रस्ता होता, खाजणाच्या कडेनं येणारा, आणि तो गावातच संपायचा. त्यामुळे गाडी आली म्हणजे ती कुणाकडे तरी आली. सहा सीटवाली रिक्षा हॉर्न द्यायची ती पनवेलला जाणाऱ्या बाईला, बर्फाची गाडी द्यायची ती मासळीवाल्यांना, पाण्याचा टँकर द्यायचा तो सगळ्यांना. कुणाच्या दारात हॉर्न वाजला आणि आतून ओ आली नाही, तर आलेल्या माणसाला ते लागायचं, आणि गावात दोन-चार दिवस त्याची चर्चा व्हायची. घरात माणूस नसेल तर शेजारणीनं ओ द्यायची. हे सगळं काकींच्या इतकं अंगात भिनलेलं होतं की पनवेलच्या रस्त्यावर उठणारा प्रत्येक हॉर्न त्यांना कुणाची तरी हाक वाटायचा, आणि बहुतेक वेळा स्वतःचीच.

मी एकदा त्यांना शांतपणे समजावलं की शहरात लोक हॉर्न सवयीनं वाजवतात, त्यात कुणाला बोलावणं नसतं. काकी तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं आणि माझ्याकडे काळजीनं बघितलं.

"उगाच वाजवतान? कोनालाच नाय बोलवत?"

"हो."

"मग त्यांना घरात कोनी वलखत नाय का गो?"

मी ग्रंथालयात असताना मला बरेच प्रश्न विचारले गेले, पण याला कुठल्या कपाटातलं पुस्तक काढून द्यावं ते सुचेना.

निलेशनं नवी मोठी गाडी घेतली तेव्हा जुनी छोटी विकायची ठरवली होती. काकी म्हणाल्या, विकू नको, मी शिकते. घरात सगळे हसले, आणि त्या दुसऱ्या दिवशी ड्रायव्हिंग क्लासला गेल्या. स्टिअरिंग, गिअर, ब्रेक हे त्यांना अवघड गेलं नाही. अवघड गेला तो त्यांना शिकवणारा माणूस. तो म्हणायचा, काकी, वळणावर हॉर्न मारा. काकी विचारायच्या, कोणाला? तो म्हणायचा, समोरच्याला. काकी म्हणायच्या, समोर तर कोणीच दिसत नाही. शेवटी त्यानं त्यांच्याकडून वळणावर हॉर्न वाजवून घेतला खरा, पण वळणापलीकडे कुणी ओ देतं का म्हणून काकी गाडी थांबवून ऐकत बसल्या. लायसन्स मात्र त्यांना पहिल्या खेपेलाच मिळालं. वाटेत माणूस आडवा आला तर त्या काच खाली करून "दादूस, जरा सरक ना रं" म्हणत, आणि दादूस सरकायचा. त्या आवाजाला कोण सरकणार नाही?

गाडीत बसताना त्या चपला काढून ठेवत, घरात शिरावं तशा. शेजारच्या सीटवर बसणाऱ्यालाही काढायला लावत. आणि शेजारच्या सीटवर बसायची मी, कारण नवीन असताना सोबत कुणीतरी शहाणं माणूस हवं असं निलेशचं म्हणणं होतं, आणि माझ्याकडे चष्मा असल्यामुळे मी त्याला शहाणी वाटले.

आमची पहिलीच फेरी. स्टेशनच्या अलीकडच्या सिग्नलला आम्ही सगळ्यांत पुढं उभ्या. सिग्नल हिरवा झाला आणि तो नीट हिरवा व्हायच्या आतच मागून हॉर्न सुरू झाले. काकींनी हँडब्रेक ओढला, दार उघडलं आणि अनवाणी पायांनी मागच्या गाडीकडे गेल्या. मी सीटवरून जमेल तितकी खाली घसरले. काच उघडी होती म्हणून ऐकू मात्र सगळं आलं.

मागच्या गाडीत इस्त्रीचा शर्ट घातलेला एक तरुण होता. काकींनी त्याला विचारलं की बाळा, मला बोलावलंस का. तो गडबडून म्हणाला की सिग्नल सुटला ना मावशी. काकी म्हणाल्या, तो मी बघितला, आणखी काही काम आहे का? तो नाही म्हणाला. मग एवढ्या लांब आल्याच होत्या म्हणून काकींनी त्याला जेवून निघालास का असंही विचारलं, आणि सिग्नल पुन्हा लाल झाला. मागची रांग एव्हाना वळणापर्यंत गेली असावी. पण गंमत अशी की दुसऱ्या लाल सिग्नलभर एकही हॉर्न वाजला नाही. वाजवला तर ती बाई येईल आणि जेवणाची चौकशी करील, या भीतीनं सगळे हात मांडीवर ठेवून बसले होते. तो तरुण पुढं कधीही त्या सिग्नलला भेटला की आधी हात वर करून 'जेवलो मावशी' अशी खूण करायचा.

यापेक्षा टपाल नाक्याचा किस्सा मोठा. जुन्या पनवेलमधला तो भाग, रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना दुकानं. एक सुटाबुटातले गृहस्थ आमच्या मागं होते आणि बोट हॉर्नवरून उचलायचं त्यांच्या मनातच नव्हतं. काकींनी गाडी कडेला घेतली, उतरल्या आणि अत्यंत अगत्यानं विचारलं की काय हवंय. ते गृहस्थ भले दिसत होते. आपण उगाच वाजवत होतो हे एका बाईच्या तोंडावर सांगायची त्यांची हिंमत झाली नाही. त्यांनी घाईत काहीतरी ठोकून दिलं की एसटी डेपोचा रस्ता विचारायचा होता.

काकींना गहिवरून आलं. एवढा वेळ एक माणूस रस्ता विचारतोय आणि आपण पुढं पुढं चाललोय. "माज्या मागं या," त्या म्हणाल्या, आणि त्या गृहस्थांना जिकडे जायचं होतं त्याच्या बरोबर उलट दिशेला आमची वरात निघाली. मी आरशात बघत होते. एका वळणावर त्यांनी हळूच सटकायचा प्रयत्न केला तर काकी थांबल्या, हात बाहेर काढून "इकडं, इकडं" अशा ओरडल्या, आणि ते मुकाट्यानं मागं आले. डेपोच्या फाटकाशी त्यांना सोडून आम्ही निघालो तेव्हा ते गाडीबाहेर उभे राहून काकींना नमस्कार करत होते. आता इथं गाडी लावून कुठली एसटी पकडायची, असा भाव त्यांच्या तोंडावर होता. मी घरी येईपर्यंत हसत होते आणि काकींना मी कशाला हसतेय ते काही केल्या कळत नव्हतं.

एक गोष्ट सांगायची राहिली. काकींनी गाडी शिकायला घेतली त्याच्या थोडं आधी त्यांच्या थोरल्या बहिणीचं चालणं बंद झालं होतं. या बहिणीचं नाव भागीरथी. काकी तिला मोठी बाय म्हणत. काकींचं माहेर करंजाचं, बंदरालगतचं, आणि मोठी बाय लग्नानंतरही करंजातच राहिलेली. ती अंगणात पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं, आणि त्यानंतर ती घराच्या उंबऱ्याबाहेर आली नव्हती. जयीला बोलव, जयीला बोलव, एवढंच तिचं चाललेलं. निलेश काकींना घेऊन जायचा, नाही असं नाही. पण त्याला वेळ मिळेल तेव्हा, आणि तिथं पोचला की घड्याळ बघायला लागायचा. काकी मला एकदा म्हणाल्या ते मी विसरणार नाही.

"मना जल्मभर माहेराला कोनीतरी न्येला. पयला सासऱ्यानं, मग नवऱ्यानं, आता पोरगा. ते उठले का मी उठायची. एकदा मना माज्या मनानं जायाचाय, आनि माज्या मनानं उठायचाय."

गाडी शिकण्यामागं हे होतं. हौस वगैरे काही नव्हती. किल्ली हातात असली की मनात येईल तेव्हा मोठ्या बायच्या उशाशी जाऊन बसता येईल, एवढंच त्यांना हवं होतं. मला ते ऐकून वाईट वाटलं आणि त्यांच्याबद्दल फार अभिमानही वाटला.

आणि हे मला कळलं नेमकं त्याच सुमाराला काकी कळंबोलीच्या उड्डाणपुलावर मधोमध थांबल्या. मागून कंटेनरनं हॉर्न दिला म्हणून. कंटेनर कसाबसा बाजूनं निघाला, त्याच्या मागचा टेम्पो आमच्या गाडीला घासता घासता राहिला. वाहतूक पोलिसानं काकींना बरंच सुनावलं, आणि त्याच वेळी पुलावरून जाणाऱ्या निलेशच्या एका ओळखीच्यानं त्याला फोन केला. निलेश संध्याकाळी घरी आला तो पांढराफटक पडलेला. तो चिडला नाही. त्यानं आईला समोर बसवलं आणि सांगितलं की उरणच्या रस्त्याला बंदराकडे जाणारे ट्रेलर असतात, तिथं अशी थांबलीस तर मला तू दिसणार नाहीस. येत्या रविवारी तू गाडी चालव, मी मागं बसतो, करंजापर्यंत जाऊ. एकाही हॉर्नला थांबली नाहीस, वळून बघितलं नाहीस, तर किल्ली तुझी. थांबलीस तर गाडी विकणार.

त्याचं काही चुकत नव्हतं. पुलावर मीही शेजारी बसले होते.

काकींनी सराव करायचं ठरवलं आणि गुरू म्हणून मला नेमलं. आयुष्यभर माणसांना गप्प बसवण्याचा माझा अनुभव शेवटी इथं कामी आला. आम्ही रोज सेक्टरांमधून गाडी फिरवायचो. मागून हॉर्न वाजला की मी म्हणायची, काकी, समोर. त्या समोर बघायच्या. पहिल्यांदा त्यांची मान वळायचीच, मग नुसते डोळे वळायला लागले, मग तेही थांबले. ओठ मात्र हलायचे. आवाज न करता त्या ओ म्हणायच्या. मी म्हटलं, हेही नको, कारण एकदा ओ दिली की पाय ब्रेकवर जातो. त्यांनी ओठ मिटून घेतले.

सवय मोडायची तर पुरती मोडायला हवी म्हणून त्यांनी बाल्कनीतली ओही बंद केली. त्या सकाळी व्हॅनवाल्यानं हॉर्न दिला आणि वर बघत राहिला. पुन्हा दिला. काकी स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभ्या होत्या, हे मला त्यांच्या उघड्या दारातून दिसत होतं. शेवटी तो वाजवतच सुटला, जसा पूर्वी वाजवायचा तसा, आणि अन्वी बुटाच्या नाड्या न बांधता धावत खाली गेली. इमारत पुन्हा बाकीच्या इमारतींसारखी झाली. मला आनंद व्हायला हवा होता. मला त्या चहाची चवच लागली नाही.

रविवारी सकाळी आम्ही निघालो. काकी चालवायला, मी शेजारी, निलेश मागं. निलेशनं परीक्षकाच्या थाटात सगळ्यांचे फोन गोळा करून बंद केले, आईचं लक्ष विचलित व्हायला नको म्हणून. काकींनी नवी साडी नेसली होती, गजरा ताजा होता, आणि तोंडातून शब्द नव्हता. उलवे मागं पडलं, ट्रेलर सुरू झाले. प्रत्येक ट्रेलर आपण आल्याचं जाहीर करत मागून येई आणि बाजूनं निघून जाई. काकी सरळ रेषेत, आखून दिल्यासारख्या. एकदाही पाय ब्रेकवर गेला नाही. निलेश मागून मधूनमधून 'वा, आई' म्हणत होता. मी त्यांच्याकडे बघत होते. शहरातल्या कुठल्याही माणसासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

उरणचा चारफाटा ओलांडून करंजाच्या रस्त्याला लागलो तसा एक मासळीचा टेम्पो मागं लागला. त्याचा हॉर्न थांबेचना. थोडा वाजायचा, थांबायचा, परत वाजायचा. रस्ता अरुंद, पण एक-दोनदा त्याला पुढं जाण्याएवढी जागा मिळाली तरी तो पुढं गेला नाही. निलेश वैतागून म्हणाला की या टेम्पोवाल्यांना काही कामधंदा नसतो, तू बघू नको. काकींच्या हाताच्या शिरा वर आल्या. त्यांनी एकदाच विचारलं, "बगू का रं?" निलेश म्हणाला, नाही. त्यांनी बघितलं नाही. पुढं आम्ही गल्लीत वळलो तशी बर्फाची एक गाडी आमच्या मागोमाग आडवी आली आणि टेम्पो तिच्या पलीकडे अडकला.

मोठ्या बायच्या दारात गाडी उभी राहिली तेव्हा निलेशनं टाळ्या वाजवल्या आणि आईच्या हातावर किल्ली ठेवून तिची मूठ मिटली. काकी हसल्या. आणि मग आमचं लक्ष दाराकडे गेलं. दाराला कुलूप होतं. उंबऱ्याबाहेर न पडणाऱ्या बाईच्या दाराला कुलूप. काकींचा चेहरा क्षणात उतरला. नको ते मनात माझ्याही आलं.

शेजारच्या ओट्यावर एक बाई सुकट पसरत होती. ती म्हणाली, "भागी तुमालाच आनाया नाक्यावं गेली ना. हरेश टेम्पोत घालून घेऊन गेला. गावला नाय तुमाला?"

हरेश म्हणजे मोठ्या बायचा मुलगा. त्याची ही कथा आम्हाला नंतर कळली, पण इथंच सांगते. आज जयी स्वतः गाडी चालवत येणार हे कळल्यापासून मोठ्या बायनं घर डोक्यावर घेतलं होतं. मला चारफाट्याच्या नाक्यावर ने, तिथून मी जयीच्या गाडीत बसून गावात येणार, सगळ्यांनी बघायला पाहिजे. हरेशनं शेजाऱ्यांच्या मदतीनं तिला उचलून टेम्पोत पुढं बसवलं. फोन लावले, ते बंद. आम्ही फाट्यावरून पुढं निघून आलो तसा तो मागं लागला. तो टेम्पो पुढं घालून आम्हाला थांबवणार होता, पण मोठ्या बायनं घालू दिला नाही. नुसता हॉर्न दे म्हणाली. जयी ओ दिल्याशिवाय राहायची नाही, ती वळून बघंलच.

टेम्पो गल्लीत आला. पुढच्या सीटवर उशांच्या आधारानं बसलेली एक बारीकशी म्हातारी, नाकात नथ, अंगावर लग्नाला जाताना नेसतात तसलं लुगडं. तिनं काकींकडे बघितलं. रागावलेली नव्हती. तिला कळतच नव्हतं काही.

"जये," ती म्हणाली, "मी बोलवत व्हते. ओ का नाय दिलीस गो?"

सुकट पसरणारी बाई हात थांबवून बघत होती. काकी टेम्पोच्या दाराशी गेल्या, बहिणीचे पाय हातात घेतले आणि त्यांचा तो खाडीपलीकडे जाणारा आवाज कुठं गेला कोण जाणे. जेमतेम ऐकू येईल असं त्या म्हणाल्या, "ओ, बाय. ओ." आणि परत परत तेच म्हणत राहिल्या.

निलेश पुढं झाला. मोठा, दांडगा गडी, पण आवाज शाळेतल्या पोरासारखा. मावशी, तिची चूक नाही, मीच तिला बघू नको म्हणालो होतो. मोठ्या बायनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"तू गप," ती म्हणाली. "तुला नाय हाक मारली मी."

हरेश आधी हसला, मग ती सुकटवाली, मग मी, आणि शेवटी पाय धरून उभ्या असलेल्या काकी डोळे पुसत हसल्या. निलेशला हसावं की रडावं कळेना. थोड्या वेळानं तो आईजवळ गेला आणि हळूच म्हणाला की आई, ओ दे, पण कडेला घेऊन दे, पुलावर नको. काकींनी मान हलवली. एवढ्यानंच मिटलं ते. इतके दिवस आम्ही दोघं शहाणे त्यांना शिकवत होतो ते काय, असं माझ्या मनात आलं.

मोठ्या बायला कसली घाई झाली होती. तिला आता गाडीत बसायचं होतं. हरेश आणि निलेशनं तिला उचलून माझ्या सीटवर ठेवलं. काकींनी तिच्या चपला काढून घेतल्या, आपल्या काढल्या, दोन्ही जोड शेजारी शेजारी नीट लावून ठेवले. मी गाडीबाहेरच राहिले. निलेश मागं बसायला म्हणून दाराला हात लावतो तोच काकींनी गाडी सुरू केली आणि ती निघाली. मुद्दाम नव्हे. त्यांना आमची आठवणच राहिली नव्हती.

आम्ही धक्क्यापर्यंत मागं चालत गेलो. रविवारची गर्दी, होड्या लागलेल्या, मासळीच्या पाट्या घेऊन बायका लिलावाला चाललेल्या, हातगाड्या, टेम्पो. या सगळ्याच्या मधून ती छोटी गाडी चालली होती, माणूस चालेल त्यापेक्षाही हळू. मागून कुणीतरी हॉर्न दिला. गाडी शिस्तीत कडेला झाली, थांबली, आणि एका खिडकीतून काकींचं आणि दुसऱ्या खिडकीतून मोठ्या बायचं अशी दोन डोकी एकदम बाहेर आली. ओ दोघींनी मिळून दिली. हॉर्न देणारा उतरून त्यांच्याशी बोलायला लागला, मग पाटीवाल्या दोघी थांबल्या, मग आणखी कुणी. त्या घोळक्यात गाडी दिसेनाशी झाली, फक्त काकींचा आवाज येत राहिला, पहिल्यासारखा, धक्क्याच्या पार टोकापर्यंत जाणारा.

काकी त्या दिवशी परत आल्या नाहीत, आणि त्यानंतरही खांदा कॉलनीत त्या पाहुण्यासारख्याच येतात. पण माझ्या डोळ्यांसमोर त्या येतात त्या तशाच, घोळक्याच्या मधोमध, खिडकीतून अर्ध्या बाहेर आलेल्या. निलेश माझ्या शेजारी उभा राहून बराच वेळ तिकडे बघत होता. बघता बघता त्याचा हात सवयीनं खिशाकडे गेला, किल्ली चाचपायला, आणि तसाच बाहेर आला. मग तो माझ्याकडे वळून म्हणाला, "मावशी, पनवेलची एसटी इथून किती वाजता असते हो?"